उभी न राहणाऱ्या फियाटमधून काय वाचवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका सोसायटीच्या आवारात आजोबांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. दोन गॅरेजवाल्यांनी ‘हिच्यात आता पैसे घालू नका’ असे सांगितले आहे, सोसायटीने पावसाळ्याच्या आत जागा मोकळी करण्याची नोटीस दिली आहे आणि भंगारवाला वजनावर पैसे मोजायला तयार आहे. आरसी बुक तारदेव आरटीओचे असून अजून आजोबांच्याच नावावर आहे. या गाडीतले काय काढून घ्यावे, कोणत्या क्रमाने काढावे, घरात जागा बेताची असताना काय ठेवावे आणि कागदपत्रांचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत पाठवलेल्या छायाचित्रांत चालकाच्या पायाखालची फरशी नाहीशी झालेली, दोन्ही बाजूंच्या दारांखालचे सिल (पत्र्याच्या आडव्या तुळया) भुगा झालेले आणि मागच्या उजव्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) हँगर पत्र्यातून सुटून खाली आलेला स्पष्ट दिसतो.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे लक्षात घेतले तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चासी, म्हणजे सगळा भार घेणारी लोखंडी चौकट, असते. वरचा पत्रा सडला तरी चासी शाबूत असल्यास दुसरी बॉडी चढवता येते. फियाट ११०० ला, इटलीत १९५३ साली आलेल्या १०३ मालिकेपासूनच, अशी वेगळी चासी नाही. फरशी, सिल, दारांमधले खांब आणि चाकांवरच्या कमानी मिळूनच तिचा सांगाडा होतो आणि पुढच्या सस्पेन्शनपासून मागच्या पाट्यांपर्यंतचा सगळा भार त्या पत्र्यावरच येतो. फरशीचा एखादा तुकडा बदलणे हे चांगल्या डेंटरचे नेहमीचे काम आहे. परंतु सिल आणि पाट्याचे हँगर एकदमच गेले असतील, तर वेल्डिंग करायला खालीवर चांगला पत्राच उरत नाही, आणि सगळी मापे नव्याने उभी करून गाडी घडवावी लागते. एवढा खर्च एखाद्या अतिदुर्मीळ गाडीसाठी कोणी करील. डिलाइट तितकी दुर्मीळ नाही.

बहुतेक लोक अशा वेळी आधी इंजिनाकडे वळतात, कारण गाडीतली सर्वांत मोठी आणि महागडी वस्तू तीच वाटते. माझे मत याच्या उलट आहे, आणि त्याचे कारण मुंबईच्या रस्त्यांवरच आहे. तुमची डिलाइट ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, त्याच प्रीमियरच्या कारखान्यातून तीच गाडी १९७२ पासून प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने, २००० सालाच्या आसपासपर्यंत बाहेर पडत राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, मागचा अ‍ॅक्सल, ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगखालचा हँड गिअर या गोष्टी मुळात त्याच राहिल्या. याच पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी या शहरात कित्येक दशके धावल्या आणि त्यांच्यामुळे पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत सगळा यांत्रिक माल गल्लोगल्ली मिळत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हापासून नव्या मालाचा ओघ आटत चालला आहे हे खरे. तरी मोडीत गेलेल्या टॅक्सींची इंजिने आणि गिअरबॉक्स अजून गोदामांत पडलेले आहेत.

पद्मिनी टॅक्सीबरोबर जे आले नाही, ते मात्र आज सहजी मिळत नाही. डिलाइटची पुढची जाळी, बॉनेटवरचा ‘फियाट’चा बिल्ला, दारांवरच्या चमकत्या पट्ट्या, आतली हँडले, डॅशबोर्डवरची बटणे, चाकांवरच्या डिश, दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या तिरप्या काचेची चौकट आणि तिची खिट्टी यांतला बराच माल वेगळा होता. टॅक्सीवाल्याला त्याची गरज नव्हती, म्हणून त्याचे सुटे भाग कोणी फारसे बनवले नाहीत. आज ज्याच्याकडे शाबूत डिलाइट आहे तो इंजिन सहज बांधून घेतो आणि एका बिल्ल्यासाठी वर्षभर फिरतो. तुमच्या गाडीतली खरी दौलत साधारण चार खोक्यांत मावेल अशी आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी कागदपत्रांचा विचार करावा. गाडी आजोबांच्या नावावर असल्यामुळे ती उघडून विकण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला प्रश्न आहे. वारसांनी फॉर्म ३१ भरून नोंद आपल्या नावावर करून घेतली पाहिजे. इतर वारस असतील तर त्यांची संमती लेखी घ्यावी. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला तसे कळवून आरसी परत करायची असते आणि मग नोंदणी रद्द होते. याखेरीज २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रे सुरू झाली आहेत. उरलेला सांगाडा तिथे दिल्यास ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, मिळते. परंतु तुम्ही आधी काय काय काढून घेतले तरी ते केंद्र गाडी स्वीकारेल, हे काम सुरू करण्यापूर्वीच त्यांच्याकडून लेखी विचारून घ्यावे. चासी नंबरचा पत्रा आणि इंजिनचा ब्लॉक जागेवर असावेत, अशी अपेक्षा गृहीत धरूनच योजना आखलेली बरी.

याच संदर्भात एक इशारा देणे भाग आहे. गाडी उघडल्याची बातमी पसरली की ‘भाग राहू द्या, नुसते कागद आणि नंबरची पट्टी द्या’ असे म्हणणारा कोणीतरी हमखास येतो, आणि तो भंगारवाल्यापेक्षा जास्त पैसे देऊ करतो. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय २०२१ पासून झाली आहे आणि १९६८ ची गाडी वयाने त्यात बसते; त्यामुळे अशा कागदांना भाव आला आहे. तुमचे कागद दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीवर, कदाचित चोरीच्या गाडीवर, चढवले जातात आणि पुढे पोलिसांचा निरोप मात्र नोंदीतल्या नावावर येतो. कागद, नंबरची पट्टी आणि चासी नंबर कोरलेला पत्रा अशा कोणत्याही गिऱ्हाइकाला, कोणत्याही किमतीला देऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. सोसायटीने दिलेली मुदत पावसाळ्याआधीची असल्यामुळे हवा कोरडी असेपर्यंतच काम उरकावे. दमट हवेत उघडे पडलेले, मशिनवर घासून गुळगुळीत केलेले पृष्ठभाग एका रात्रीत तांबूस होतात. पहिल्या दिवशी बॅटरी असेल तर ती काढावी आणि टाकीतले जुने पेट्रोल हातपंपाने कॅनमध्ये घेऊन ते गॅरेजकडे सोपवावे. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ भरून राहते; म्हणून टाकी बाहेर काढून वेगळी ठेवेपर्यंत गाडीजवळ ग्राइंडर, गॅस कटर किंवा सिगारेट यांपैकी काहीही येऊ देऊ नये. इंजिन आणि गिअरबॉक्समधले तेल आवारात सांडू न देता डब्यात काढावे. सोसायटीशी संबंध आधीच ताणलेले असतील, तर फरशीवर पडलेला तेलाचा एक डागही नव्या पत्रव्यवहाराला पुरतो.

जॅक लावताना विशेष काळजी घ्यावी. जॅकची मूळ जागा सिलजवळ असते आणि तुमचे सिल भार घेऊ शकत नाहीत. जॅक पत्र्यातून वर जाईल आणि गाडी खाली येईल. मागे अ‍ॅक्सलच्या नळीखाली आणि पुढे खालच्या विशबोनखाली (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याखाली) जॅक लावून, लगेच भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे सरकवावेत. विटा वापरू नयेत, त्या इशारा न देता फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

काढण्याचा क्रम हा माझ्या दृष्टीने या कामाचा गाभा आहे. सिल गेलेली गाडी मधोमध वाकायला बघत असते, आणि आज तिला जी थोडीफार ताठरता आहे ती बंद दारांमुळे आणि घट्ट बसलेल्या काचांमुळे आहे. दारे आधी उतरवली की खांब एकमेकांकडे झुकतात आणि पुढच्या काचेवर ताण येतो. काच तेव्हा तडकते किंवा काढताना फुटते. म्हणून पुढची आणि मागची काच सर्वांत आधी, त्यानंतर बाहेरचे क्रोमचे सामान आणि गाडीच्या आतला माल, आणि दारे त्याच्याही नंतर काढावीत. इंजिन काढायचेच असेल तर ते शेवटी.

पुढची आणि मागची काच वक्र आहे, त्यामुळे तिला मोल आहे. दारांच्या काचा सपाट आहेत आणि त्या मापाने कोणीही कापून देतो. त्यांच्यासाठी घरातली जागा अडवू नये. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचून ती टफन्ड (तापवून कठीण केलेली) आहे की लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पडदा असलेली), हे आधी पाहावे. शिक्का पुसट झाला असेल तर पोलराइज्ड गॉगलमधून उन्हात पाहिले असता टफन्ड काचेत ठिपक्यांची नक्षी दिसते. टफन्ड काच मध्यभागी बराच मार सोसते, परंतु कडेला पान्याचा नुसता टोला बसला तरी तिचा चुरा होतो. काचेभोवतीचे जुने रबर बीडिंग वाचवण्याचा मोह टाळावा. ते इतके कडक झालेले असते की पुन्हा बसणार नाही, आणि ते वाचवण्याच्या नादात काच जाते. बीडिंगमध्ये क्रोमची पट्टी असेल तर आधी तिचा जोड शोधून ती हळूहळू सोडवावी. मग बाहेरच्या बाजूने धारदार ब्लेडने रबराचा ओठ सबंध कडेने कापून टाकावा, बॉनेटवर जाड गोधडी अंथरावी, एकाने आत बसून दोन्ही तळव्यांनी वरच्या कोपऱ्याजवळ सावकाश दाब द्यावा आणि दुसऱ्याने बाहेरून काच हातांवर घ्यावी. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. काढलेली काच कधीही आडवी ठेवू नये. भिंतीला टेकवून, खाली लाकडी पट्टी आणि कापड घालून उभी ठेवावी.

क्रोमच्या वस्तूंबाबत ‘चमकते ते ठेवा’ हा हिशेब चालत नाही, कारण क्रोमखालचा धातू कोणता यावर सगळे अवलंबून असते. खिशात एक लोहचुंबक ठेवावा. बंपर लोखंडाचा असतो, चुंबक चिकटतो. वरचा क्रोम गेला आणि बारीक गंज दिसत असला तरी पत्रा शाबूत असेल तर निकेल-क्रोमवाला तो घासून पुन्हा चढवून देतो. आतून पोखरला असेल तर सोडून द्यावा. चुंबक न चिकटणारी, मागे खरवडल्यावर पिवळी दिसणारी वस्तू पितळेची असते आणि ती जवळजवळ नेहमीच पुन्हा नवी होते. त्रास देतात त्या जस्ताच्या ओतीव वस्तू, ज्यांना बाजारात मझाक म्हणतात: दारांची हँडले, बिल्ले, दिव्यांच्या कडा. चुंबक यांनाही चिकटत नाही, परंतु मागची बाजू खरवडली तर पिवळी न दिसता करडी दिसते. यांच्यावर क्रोमखालून फोड येतात आणि फोड फुटला की खाली खड्डा असतो. अशी वस्तू प्लेटिंगला दिली तर जुना थर उतरवताना खड्डे आणखी खोल होतात. ते तांब्याने भरून घासण्याचे कौशल्य असलेले कारागीर थोडे आहेत आणि मजुरी चांगलीच लागते. म्हणून मझाकची वस्तू फोड नसलेली असेल तर ती सोन्याच्या भावाची समजून बाजूला ठेवावी, आणि फोड असलेली दुर्मीळ असेल तरच ठेवावी, कारण निदान साचा करायला तिचा उपयोग होतो.

ही नाजूक वस्तू काढताना काय करावे, हे बॉनेटवरच्या बिल्ल्यावरून सांगतो. बिल्ल्याच्या मागे त्याच धातूच्या बारीक खुंट्या ओतलेल्या असतात आणि त्या पत्र्याच्या भोकातून आत जाऊन लहान नटांनी किंवा दाबाच्या क्लिपांनी धरलेल्या असतात. समोरून उचकटले की बिल्ला वाकतो आणि खुंटी मुळाशी तुटते. तुटलेली खुंटी पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य आहे. बॉनेट उघडून आतल्या बाजूने प्रत्येक खुंटीच्या बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि तो एक रात्र मुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी नट आधी किंचित आवळावा आणि मग उलटा फिरवावा. जागचा हललेला नट सहसा सुटतो. नट न हलता खुंटीसकट फिरू लागला तर तिथेच थांबावे आणि बारीक ब्लेडने नटच उभा कापावा. क्लिप असेल तर तिचे पाय चिमट्याने दाबावेत, खेचू नये. शेवटी बिल्ला आणि रंग यांच्यामध्ये दात स्वच्छ करायचा धागा करवतीसारखा फिरवून तो सोडवावा. दारांवरच्या लांब पट्ट्या याच संयमाने काढाव्यात. त्यांच्या मागच्या क्लिप तुटक्या असल्या तरी टाकू नयेत, कारण नवी क्लिप घडवायला नमुना लागतो.

स्क्रूंच्या बाबतीत गंजलेल्या गाडीत घाई करून चालत नाही. दारांच्या बिजागऱ्यांचे मोठे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायला गेलात तर डोके झिजते आणि मग छिन्नीशिवाय इलाज राहत नाही. त्यासाठी हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणावा. नटांना बारा कोनांचा पाना न लावता सहा कोनांचा गोटी पाना लावावा. प्रत्येक वस्तूचे स्क्रू, वायसर आणि रबराची गादी त्याच वस्तूबरोबर कापडी पिशवीत बांधून, वर कोणत्या बाजूचे आणि कोणत्या जागेचे हे लिहावे. दार, हँडल, खिट्टी यांच्या डाव्या-उजव्या जोड्या वेगळ्या असतात आणि सहा महिन्यांनी त्या ओळखता येत नाहीत. काढण्यापूर्वी, काढताना आणि काढल्यावर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. घेणाराही आधी तेच मागतो.

आतल्या मालात स्टिअरिंग व्हील, मीटरचा संच, डॅशबोर्डवरची बटणे, आतला आरसा, सनव्हायझरचे दांडे, काच वरखाली करण्याची यंत्रे, दारांची कुलुपे आणि त्यांच्या किल्ल्या हे सगळे घ्यावे. कुलूप किल्लीशिवाय असेल तर ते अर्ध्या किमतीचेही राहत नाही, म्हणून घरातल्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा आत्ताच शोधून ठेवावा. तापमानाच्या मीटरला इंजिनापर्यंत जाणारी बारीक तांब्याची नळी असेल तर ती कापू नये. नळी तुटली की आतला वायू जातो आणि मीटर मरतो. वायरिंग मात्र पुन्हा वापरण्याच्या लायकीचे राहिलेले नसते. आवरण ठिसूळ झालेले असते आणि दुसऱ्या गाडीत ते आगीला निमंत्रण ठरेल. तरीसुद्धा सबंध जाळे न कापता, टोकांना चिठ्ठ्या लावून बाहेर काढले तर नवे वायरिंग बांधणाऱ्याला तो नमुना म्हणून हवा असतो. सीटांचे कव्हर आणि फोम टाकून द्यावेत. सीटचा सांगाडा आणि त्याच्या सरकत्या पट्ट्या चांगल्या असतील तर घ्याव्यात.

यांत्रिक मालावर मी थोडक्यातच लिहितो, कारण वर सांगितल्याप्रमाणे तो तुलनेने सहज मिळतो. इंजिन फिरते का, ते आधी पाहावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण सोडावे, चार-पाच दिवस मुरू द्यावे आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून क्रँकच्या पुलीचा नट लांब पान्याने हळूहळू फिरवावा. फिरले तर इंजिनाला गिऱ्हाईक आहे; न फिरले तर ते उघडण्यात तुमचे श्रम घालू नयेत. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, मात्र पाहण्यासारखे असते. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे, साधे पाणी वर्षानुवर्षे राहिलेल्या इंजिनात हेडच्या पाण्याच्या वाटा कडेने खाल्ल्या जातात. नट बाहेरून आतल्या दिशेने थोडे थोडे सैल करत हेड उचलावे, चिकटले असल्यास लाकडी हातोड्याने बाजूने ठोकावे, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नये. गॅसकेटची बैठक खड्ड्यांशिवाय असेल आणि सरळ पट्टी ठेवल्यावर खाली प्रकाश दिसत नसेल तर हेड नक्की ठेवावे.

कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, यांत्रिक पेट्रोल पंप, डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर हे लहान आणि ठेवण्याजोगे भाग आहेत. पुढे बहुतेकांनी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवून घेतला, त्यामुळे मूळ रूपात गाडी ठेवू पाहणाऱ्याला जुना डायनॅमो शोधावा लागतो. रेडिएटर फुटका असला तरी तांब्या-पितळेचा असल्यास लोखंडाच्या भावात जाऊ देऊ नये. सबंध इंजिन विकायचे ठरलेच तर नंबर आणि तारखेसह विक्रीपत्र करून, सहीनिशी प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण घेणाऱ्याला इंजिन बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते; आणि ब्लॉक काढण्याआधी स्क्रॅपिंग केंद्राचे उत्तर हातात असावे.

ब्रेक आणि स्टिअरिंगबाबत माझा नियम कडक आहे. ब्रेकचे रबरी पाइप, व्हील सिलिंडरची किट, टाय रॉडची टोके आणि जुने टायर ‘चालू माल’ म्हणून कोणालाही देऊ नयेत. ड्रम मापात असतील तर ते, बॅक प्लेट आणि हँडब्रेकची जोडणी द्यायला हरकत नाही. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. पुढच्या स्प्रिंगा दाबलेल्या अवस्थेत बसलेल्या असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि तो वापरण्याची सवय दोन्ही नसतील, तर पुढचे सस्पेन्शन जसेच्या तसे सोडून द्यावे. त्यातून मिळणारे पैसे दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाहीत.

पत्र्यात बॉनेट, डिकीचे झाकण आणि दारांचा वरचा अर्धा भाग पाहावा. वरवर चांगल्या दिसणाऱ्या पत्र्यावर चुंबक फिरवला की पुट्टी कुठे भरली आहे ते कळते. दारांचा तळ बहुधा गेलेला असतो, तरी बिजागऱ्यांकडची कड आणि काचेची चौकट उपयोगी असते. मागच्या चाकावरची कमान किंवा पाणी वाहून जाणारी छताची पन्हळ यांचा तुकडा कोणी मागितला असेल तर तो गॅस कटरने न कापता ग्राइंडरने, जोडापासून दोन-तीन इंच जादा सोडून कापावा. नेमका कापलेला तुकडा घेणाऱ्या डेंटरच्या उपयोगी पडत नाही. मागणी नसताना मात्र पत्रे कापून घरात आणू नयेत. मुंबईतल्या घरात बॉनेट ठेवायला जागा काढणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

साठवण्यापूर्वी प्रत्येक वस्तू साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी. लोखंडी आणि क्रोमच्या वस्तूंवर मेणाचा पातळ हात द्यावा, मशिनच्या पृष्ठभागांना ग्रीस लावावे. रबराला तेल किंवा ग्रीस लावू नये. टाल्कम पावडर लावून ते अंधारात ठेवावे. सर्वांत जास्त नुकसान प्लॅस्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशव्यांनी होते, कारण आत अडकलेला ओलावा पावसाळाभर बाहेर पडत नाही. सुती कापडात गुंडाळून, भोके असलेल्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह पोटमाळ्यावर ठेवलेला माल चांगला राहतो. खोके भिंतीला चिकटवू नये.

विकायचे असेल तर सगळे एकाच वेळी एकाच माणसाला देण्याची घाई करू नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे जुन्या मालाचे दुकानदार यांत्रिक भागांचा व्यवहार झटपट करतात, परंतु ट्रिमच्या, म्हणजे बिल्ले-पट्ट्यांसारख्या, वस्तूंना ते वजनाच्या जवळचाच भाव देतात. चोर बाजारात क्रोमच्या वस्तूला भाव येतो खरा, मात्र ती बहुधा दिवाणखान्याच्या शोभेसाठी जाते आणि गाडीवर परत येत नाही. ज्याच्याकडे त्याच जातीची गाडी आहे अशा मालकापर्यंत पोहोचणे सर्वांत फायद्याचे. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांत आणि फियाटचेच काम करणाऱ्या जुन्या मेकॅनिकांत चौकशी केली तर असे मालक सापडतात. वस्तूच्या चारही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले छायाचित्र पाठवावे आणि दोष आपणहून लिहावा. जोडीची वस्तू फोडून विकू नये: एका बाजूचे हँडल गेले की दुसऱ्याला कोणी विचारत नाही. मालाचा भाव ठरवताना भंगारवाल्याने काय देऊ केले आहे त्याकडे पाहू नये. त्याने सुमारे नऊशे किलोच्या गाडीच्या लोखंडाचा हिशेब केला आहे, आणि तुम्ही काढलेल्या ट्रिमचे वजन त्यात फारसे जाणवतही नाही.

भावनेपोटी काही ठेवायचे असेल तर स्टिअरिंग व्हील किंवा मीटर ठेवावा; बाकीचा माल कपाटात पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या डिलाइटवर चढला तर तो टिकतो.

उरलेला सांगाडा उचलून नेण्याच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहावे. दोन्ही नंबर प्लेट आधीच काढून ताब्यात घ्याव्यात, चासी नंबर आणि इंजिन नंबर यांची जागेवरची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत, आणि सांगाडा क्रेनच्या गाडीवर चढवताना पट्टे सिलखालून न घेता अ‍ॅक्सलला बांधायला सांगावे, नाहीतर गाडी आवारातच दोन तुकडे होऊन पडेल. केंद्राकडून पावती आणि प्रमाणपत्र घेऊन त्यांच्या प्रतींसह तारदेवला नोंदणी रद्द करण्याचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नोंदणी रद्द झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत आरसीची छायाप्रत व ही सगळी छायाचित्रे एकाच फाइलमध्ये जपून ठेवावीत.